डोळे आले, ते कोठून?

अध्यापक विद्यालयातून निवृत्त झालेले आप्पा ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरीत बसले होते. तेवढ्यात त्यांची पुतणी उमा आपल्या साडेतीन वर्षांच्या चिमीची फिर्याद घेऊन रुजू झाली.

उमा : आप्पा, काल शेजारच्या काकू डोळे आले म्हणून काळा चष्मा लावून बसल्या होत्या. चिमीने सर्वांदेखत विचारले, “आले? मग आधी कुठे गेले होते?” सगळे खो खो हसले आणि ही रडत आत पळाली.

आप्पा : रडेल नाही तर काय! तिने प्रश्न विचारला होता, विनोद केला नव्हता. पाहुणे येतात, पाऊस येतो, टपाल येते, तेव्हा जे येते ते पूर्वी अन्यत्र असले पाहिजे, हा सिद्धान्त तिने स्वानुभवावरून बांधला आणि काकूंच्या डोळ्यांना लावला, यात तर्काचा दोष मला तरी कोठे आढळत नाही. दोष असलाच तर तो आपल्या भाषेचा. डोळे जागच्या जागी असताना ती ‘आले’ म्हणते, आणि जागच्या जागीच असून दिसेनासे झाले तर ‘गेले’ म्हणते!

उमा : बरे, व्याकरणाचे काय? “मी अंघोळ करली”, “मावशी येली”. आमच्या घरी असे कोणीही बोलत नाही हो.

आप्पा : कोणी बोलत नाही, हाच तर तिच्या बाजूचा भक्कम पुरावा! म्हणजे ही पोपटपंची नव्हे. धरणे–धरली, भरणे–भरली, तर करणे–करली. वस्तुतः ‘केली’, ‘गेली’, ‘मेली’ ही रूपे कृत, गत, मृत यांपासून प्राकृताच्या वाटेने झिजत आपल्यापर्यंत पोहोचली, आणि एखाद्या जुन्या इनामदाराची सनद नव्या अमलातही चालू राहावी, तशी केवळ वहिवाटीच्या जोरावर टिकली. चिमीला सनद ठाऊक नाही. कायदा मात्र चोख ठाऊक आहे.

उमा : कायदा कसला, नुसते यमक जुळवले असेल.

आप्पा : तुझी शंका रास्त आहे. हीच शंका फेडण्यासाठी जीन बर्को या अमेरिकी विदुषीने १९५८ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक पाखरासारख्या प्राण्याचे चित्र दाखवून ‘हा वग’ असे सांगितले, मग तसे दोन दाखवले आणि वाक्य अर्धवट सोडले. जो शब्द जगात कोणीच उच्चारलेला नव्हता, त्याचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक ‘वग्ज’ असे केले. ऐकलेले नव्हतेच, मग नक्कल कशाची करणार?

उमा : नात्यांचा घोळ मात्र निराळा हं. ‘आजी म्हणजे बाबांची आई’ म्हटले, तर म्हणाली, “बाबा तर मोठे आहेत, त्यांना आई कशाला?”

आप्पा : वा! पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२४ च्या आपल्या ग्रंथात असल्याच मुलांची नोंद केली आहे. तुला भाऊ आहे? आहे. त्या भावाला भाऊ आहे? नाही! नाते दुतर्फा असते हे मुलाला फार उशिरा उमगते. तोवर ते त्याच्या लेखी निव्वळ नाव असते. आणि मुलांनाच का हसावे? मी स्वतः माझ्या आईला तिच्या अखेरीपर्यंत ‘वहिनी’ म्हणत आलो, कारण घरातले काका तिला तसे म्हणत; ती चूक दुरुस्त करण्याची तजवीज आमच्या घरात कोणी केली नाही, आणि तिनेही कधी तक्रार केली नाही.

उमा : आणि “उद्या आम्ही बागेत गेलो होतो”?

आप्पा : ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला दिवस की यायचा, हे जिला क्रियापदाला विचारावे लागते, त्या भाषेने उद्याविषयी मुलांकडे खुलासा मागू नये.

उमा : मग चुका सुधारायच्या की नाहीत?

आप्पा : टोकू नकोस. ती ‘करली’ म्हणाली, की “केलीस? छान!” एवढे बोलून पुढे जा, ऐकून ऐकून तिचे तीच बदलेल. हसू अनावर झालेच, तर मागीलदारी जाऊन हसा. पण त्याआधी एक कर. तुम्ही सारे हसलात खरे, परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. आत जा आणि तिला सांग, की काकूंचे डोळे होते तेथेच होते; गावात साथ आली आहे, आली ती तेवढीच.