‘गाडी’, ‘खोली’ आणि कुटुंबाची ऐपत

किशोरवयीनांच्या आरोग्यपाहणीत घरचे उत्पन्न मुलांना विचारण्यात अर्थ नसतो. ते त्यांना बहुधा ठाऊकच नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ११, १३ व १५ वर्षे वयाच्या मुलांची जी पाहणी युरोपात होते, तीत वस्तूंवरून ऐपत ताडतात: मोटार, झोपण्याची स्वतंत्र खोली, कुटुंबासह प्रवास, संगणक. २०१३-१४ मध्ये न्हाणीघरे व भांडी धुण्याचे यंत्र यांची भर पडली.

ही मोजपट्टी मराठीत आणताना पहिला अडसर संख्याशास्त्राचा नसून शब्दार्थाचा आहे. जबलपूरच्या मदन महल वस्तीतील मराठी घरात ‘गाडी’ म्हणजे स्कूटरही आणि जवळच्या स्थानकावरची आगगाडीही. भोवतालच्या हिंदीतही तीच संदिग्धता. ‘खोली’ हे तर मुंबईच्या चाळीत अवघ्या बिऱ्हाडाचे नाव. सर्वांत फसवा प्रश्न सुट्टीतील प्रवासाचा. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या या शहरातून नागपूरला आजोळी जाणे हा ऐपतीचा नव्हे, नात्याचा व्यवहार होय. तेथे जाणारे गरीब मूल ‘हो’ म्हणते आणि सधनांत मोजले जाते. त्याचे कुपोषणही सधनांच्या खाती पडते व दोन वर्गांतील अंतर कागदावर घटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ मधील संपत्ती निर्देशांकात घरबांधणी, पाणी, शौचालय व वस्तू विचारात घेतल्या. तेथे उत्तरे प्रौढांची असतात. मुलांसाठी ‘चारचाकी’ हा बोलीतला शब्द त्यातल्या त्यात बरा. ट्रॅक्टर मात्र त्यातही शिरतो.