मदरबोर्ड बदलण्याआधी

चि. मृणाल हिस,


सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरचे यूएसबी पोर्ट बंद पडलेत आणि दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितलंय, असं ताई म्हणाली. एवढ्यात होकार देऊ नकोस. अशा तक्रारीत मदरबोर्डवर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. तुझं अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, प्रिंटर सगळं यूएसबीवरच चालतं. ते थांबलं की रोज बुडवून आलेल्या माणसाला हात हलवत परत जावं लागतं. म्हणून ही तपासणी तुला स्वतःला यावी असं मला फार वाटतं. बडोद्यात शिकलेले अजय भट्ट आणि इंटेलमधले त्यांचे सहकारी यांनी यूएसबी घडवलं, ते साध्या माणसाला कुणाच्या मदतीशिवाय यंत्र जोडता यावं म्हणूनच. त्याचं पहिलं प्रमाण १९९६ साली आलं.

आधी ठरव, बिघाड पोर्टमध्ये आहे की त्यात लावलेल्या वस्तूत. अंगठ्याचं मशीन दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघ, आणि नक्की चालणारा एखादा साधा माउस तुझ्या पोर्टला लाव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र कटाक्षाने पाळ. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदललेस तर काम चालू होईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल.

मग पुढचे आणि मागचे पोर्ट वेगवेगळे तपास. मागचे थेट मदरबोर्डवर डाख दिलेले असतात. पुढच्यांना आतून केबल येते. फक्त पुढचे बंद असतील तर बहुतेक ती केबल सैल झालेली असते.

सगळेच बंद असतील तर सगळ्यात उपयोगाची परीक्षा बायोसची. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जा. तिथे विंडोज अजून आलेलं नसतं. यूएसबी कीबोर्ड तिथे चालला आणि विंडोजमध्ये चालला नाही, तर पोर्ट ठणठणीत आहेत, घोळ विंडोजचा आहे. तिथेही चालला नाही, तर वीज, जोडणी किंवा बोर्ड बघायचा. मागे जांभळ्या रंगाचं गोल पोर्ट असेल तर त्यात बसणारा जुना कीबोर्ड केंद्रात ठेवत जा. यूएसबी पूर्ण बंद असलं तरी तो चालतो.

घोळ विंडोजचा निघाला तर आधी रीस्टार्ट कर. शट डाउन नको, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज आपली आतली अवस्था डिस्कवर साठवतं आणि पुढच्या वेळी तीच परत आणतं. एवढ्याने भागलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’खालचे कंट्रोलर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट कर. विंडोज ते आपणहून परत बसवतं. मात्र अनइन्स्टॉल करताच यूएसबी माउस आणि कीबोर्ड मरतील, म्हणून उघडी कामं आधी सेव्ह कर. मशीन थोडा वेळ पडून राहिल्यावरच गायब होत असेल, तर त्याच यादीतल्या रूट हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याची खूण काढून टाक.

विंडोजचा दोष नसेल तर कॉम्प्युटर बंद कर, भिंतीतला प्लग काढ आणि पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धर. आत उरलेली वीज उतरते आणि अडकून बसलेला कंट्रोलर पुष्कळदा जागा होतो. इतका साधा उपाय लोक वगळतात, याचं मला वाईट वाटतं.

नंतर टॉर्च घेऊन प्रत्येक पोर्टच्या आत बघ. पेन ड्राइव्ह उलटा दामटल्याने आतली पट्टी वाकते आणि तिचा स्पर्श पत्र्याला होतो. अशा एका पोर्टमुळे बाकीचेही बंद पडू शकतात. काही बोर्ड तर ‘ओव्हर करंट’ असा इशारा देऊन पंधरा सेकंदांत कॉम्प्युटरच बंद करतात. तसं दिसलं तर प्लग काढलेला असताना झाकण उघड, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालव आणि पुढच्या पोर्टची केबल बोर्डावरून सरळ वर ओढून काढ. वाकडी ओढलीस तर पिना वाकतील. मग कॉम्प्युटर सुरू केल्यावर मागचे पोर्ट जिवंत झाले की दोष पुढच्या पोर्टच्या पट्टीत, आणि ती मदरबोर्डच्या मानाने फारच स्वस्त मिळते. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा मात्र कधीही उघडू नकोस. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असते.

विजेचा हिशेबही लक्षात ठेव. साधं यूएसबी-टू पोर्ट पाच व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी-थ्री ९००. एकाच साध्या हबवर वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क आणि अंगठ्याचं मशीन लावलंस तर ते पुरत नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घे. आणि बिनतारी माउस अडखळत असेल तर त्याचं डोंगल निळ्या यूएसबी-थ्री पोर्टपासून लांब लाव, कारण त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत शिरतो.

इतकं करूनही सगळं निर्जीव राहिलं तर बोर्डावरचा कंट्रोलर गेला असं मान. तरीही, बाकी कॉम्प्युटर नीट चालत असेल तर नवा बोर्ड लागत नाही. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं यूएसबी कार्ड मिळतं. झाकण उघडशील तेव्हा तसा रिकामा स्लॉट आहे का आणि एसएमपीएसची एखादी तार मोकळी आहे का, ते बघून ठेव. काही कार्डांना वेगळी वीज द्यावी लागते.

तुझा,
मामा