सुईची भीती : धाक नको, शिडी लावा

कुत्रं चावलेलं पोर कधीकधी घरी सांगतच नाही. माराच्या भीतीने नव्हे, सुईच्या भीतीने. मिरजेकडच्या एका वस्तीत आठवीतल्या मुलाने पोटरीची जखम दोन दिवस पँटखाली झाकून ठेवली होती. आजीकडून ऐकलेलं, ‘बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं देतात.’ ती पद्धत कधीच गेली. आता लस दंडात, चार-पाच खेपांत देतात.

रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही. म्हणून चावल्यावर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. भीतीचा इलाज मागाहून. पण १० व्या आणि १६ व्या वर्षीची टीडी लस किंवा रक्ततपासणी असेल, तर तयारीला वेळ मिळतो.

सुईला थोडंफार सगळेच भितात. पण ही भीती सहा महिन्यांच्या वर टिकली आणि तिच्यापायी उपचार, शाळा चुकू लागली, तर तो फोबिया असू शकतो. ते नाटक नाही नि बाहेरचंही नाही. अंगारा-दोऱ्यात पैसे घालू नका.

पोर पळून जातं, लगेच बरं वाटतं, आणि ‘पळालो म्हणून वाचलो’ हे मनात पक्कं होतं. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याचा उपचार. तो ही गाठ सोडवतो. १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहानग्याला खाऊ देत देत ससा रोज थोडा जवळ आणला. शिडी तीच. आधी सिरिंजचं चित्र, मग बिनसुईची सिरिंज हातात, मग दुसऱ्याला टोचताना पाहणं, मग दंडावर स्पिरिटचा बोळा, शेवटी सुई. भीती उतरेपर्यंत त्याच पायरीवर थांबायचं. ‘सुई आत मोडेल’ असं वाटतं ना? ते वहीत लिहायचं, आणि नंतर खरं काय झालं तेही. फसवून किंवा चौघांनी धरून टोचलं, की शिडीच मोडते.

सुई-रक्ताच्या भीतीत एक वेगळेपण आहे. रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते. ट्रेनिंगमध्ये पहिलं ड्रेसिंग पाहताना मीही आडवी झाले होते! इथे ‘अंग सैल सोड’ हा सल्ला उलटा पडतो. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांची रीत अशी : हात, पाय, पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचं, चेहरा गरम वाटला की सोडायचं, अर्ध्या मिनिटाने परत, असं पाच वेळा. टोचायचा दंड मात्र सैल. झोपवून टोचायला सांगा, सिस्टर नाही म्हणणार नाहीत.

त्या मुलाचे सगळे डोस झोपवूनच झाले. शिडी नंतर चढला. सिरिंजला हात लावायलाच तीन आठवडे गेले.

घरी जमत नसेल तर सातारा-सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात विचारा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.