पापाचे दुःख व परत फिरणे

पवित्र शास्त्रात पापाबद्दल दुःखी झालेली पुष्कळ माणसे आढळतात; परंतु ती सर्वच देवाकडे परत आली असे नाही. यहूदा इस्कर्योताचेच पाहा. प्रभूस दोषी ठरविलेले पाहून त्यास पस्तावा झाला. आपण निर्दोष मनुष्याचा घात केला हे त्याने याजकांपुढे उघड कबूल केले, आणि घेतलेली चांदीची 30 नाणीही मंदिरात टाकून दिली. कबुली झाली, पैसा परत गेला, आणि दुःख तर इतके झाले की त्यापायी त्याने जीव दिला. मग उणे काय राहिले? तो याजकांकडे गेला, प्रभूकडे गेला नाही. त्याच रात्री पेत्रही रडला. त्याचे पाप लहान होते असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु तो बंधुजनांत राहिला, आणि पुढे समुद्रकाठी प्रभूने त्यास तीन वेळा विचारले तेव्हा दुःखी झाला तरी तेथून उठून गेला नाही. पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात ह्याच दोन दुःखांचा भेद सांगितला आहे.

आपल्या भाषेतील पश्चात्ताप हा शब्द मागाहून होणारा ताप एवढेच सांगतो. इब्री संदेष्टे जो शूब शब्द योजितात, त्याचा अर्थ वाट सोडलेल्याने मागे फिरणे असा आहे. उपदेशकांनी हा फरक ध्यानात ठेवावा; कारण ताप झाला म्हणजे सर्व काही झाले, असे मंडळीतील कित्येकांस वाटते. सभेत रडणाऱ्याविषयी आमचे मन कठोर नाही. तथापि कोणास रडू लवकर येते, कोणास येतच नाही, आणि डोळ्यांवरून हृदय मोजण्याचे काम आम्हांस कोणी सांगितलेले नाही.

दुसरी एक समजूत ह्याहून खोल रुजलेली आहे. जातीच्या पंचायतीने दंड ठरवावा, तो भरावा, पंक्तीस जेवण घालावे, की मनुष्य शुद्ध झाला, अशी रीत पुष्कळ गावांत होती. त्यामुळे क्षमा म्हणजे दंडाची पावती असे ख्रिस्ती झाल्यावरही मनात राहते. येथे जक्कयाची गोष्ट शिकवावी. लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे लबाडीने घेतलेले परत करिताना त्यात पाचवा हिस्सा मिळवावा लागे, म्हणजे 10 पायली धान्य घेतले असल्यास 12 पायली द्यावे. चोरून कापलेल्या वा विकलेल्या मेंढरासाठी मात्र निर्गमात चौपट सांगितली आहे. जक्कयाने आपणासाठी ही चोराची चौपट निवडली, आणि शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांस देऊ केली. प्रभूने त्याजपाशी एक कवडीही मागितली नव्हती; आज तुझ्या घरी उतरावयाचे आहे, एवढेच म्हटले होते.

परंतु भरपाई करिताच येत नाही तेथे काय करावे? हा प्रश्न आम्हांस अधिक जड वाटतो, कारण अशी माणसे गावोगावी आहेत. बापास म्हातारपणी नीट अन्न घातले नाही, आणि आता बाप नाही. भावाचा बांध कोरला, आणि भाऊ निर्वंश होऊन गेला. मालापुरती वाट नियमशास्त्रात आहे: घेणारा आप्त उरला नसेल तर भरपाई परमेश्वरास द्यावी, असे गणनेच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. पण रक्ताचे काय? नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद संतापून म्हणाला की, त्या धनवानाने चौपट भरून द्यावे. नियम त्यास पाठ होता. तो मनुष्य आपणच, हे कळल्यावर तो चौपट कशाची देणार? उरीया रणात पडला होता, तोही दावीदाच्याच पत्रावरून. आणि ते पत्र बिचाऱ्या उरीयानेच आपल्या हाताने नेले होते. ज्या 51व्या स्तोत्राच्या मथळ्यावर हा प्रसंग नोंदलेला आहे, त्यात बळी देऊन सुटण्याची आशा राजाने सोडलेली दिसते. भग्न हृदयावाचून देवापुढे ठेवण्याजोगे त्याजपाशी काही उरले नव्हते. नाथानाने क्षमेचे वचन त्याच घटकेस दिले. तरी मूल मेले, घरात तलवार शिरली, आणि मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिली तेव्हा बथशेबेचे नाव न घालता उरीयाची स्त्री असेच म्हटले. क्षमा झाली म्हणून उरीयास कोणी विसरले नाही.

तेव्हा ज्याचे ऋण मेलेल्या मनुष्याचे आहे, त्याने ते फिटल्याचे सोंग करू नये, आणि फिटत नाही म्हणून यहूदाच्या वाटेसही जाऊ नये. मेलेल्याची लेकरे असतील, भावकीत दुसरा कोणी निराधार म्हातारा असेल. त्यांचे करावे, पण त्यास दंड म्हणू नये.

उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. आपले पाप सांगावयास कोणी आला तर त्याचे नाव मंडळीपुढे घेऊ नये. ज्याचा अपराध केला तो शेजारी हिंदू असो वा ख्रिस्ती, त्याच्या दारी जाण्यास मनुष्य फार भितो. म्हणून दिवस मावळल्यावर आपणच त्याच्याबरोबर चालत जावे, आणि त्याचे बोलणे होईपर्यंत ओट्याखाली उभे राहावे.