चित्र कुणाचं, नाव कुणाचं, पैसा कुणाचा?



या महिन्याचा पाठ हातच्या कलेवर आहे. आपल्या वाशिम जिल्ह्यात तांड्या-तांड्यांवर बंजारा भरतकाम जाणणाऱ्या बायका आहेत. गावोगावी गोधड्या शिवल्या जातात, सणावाराला दारात रांगोळी पडते. हे सगळं आपण "घरचंच त काम हाय" म्हणून करतो आणि त्याची किंमत धरत नाही. पण अशा कामाला एकदा बाजार मिळाला की तीन प्रश्न उभे राहतात : हे काम कुणाचं, त्यावर नाव कुणाचं, आणि पैसा कुणाच्या हातात?

हे प्रश्न दुसऱ्या बायकांपुढे आपल्या आधीच येऊन गेले आहेत. त्यातली दोन उदाहरणं पाहू. एक आपल्याच राज्यातलं, वारली चित्रांचं. दुसरं फार लांबचं, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं. गटाच्या सभेत हा पाठ एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.

वारली : भिंतीवरून कागदावर

पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली समाज राहतो. त्यांची चित्रं आज पिशव्यांवर, कपांवर, सरकारी इमारतींच्या भिंतींवरही दिसतात. पण मूळचं चित्र लग्नघरातलं आहे. कुडाची भिंत शेणाने आणि गेरूने सारवायची, तांदूळ वाटून पांढरा रंग करायचा आणि बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा. त्याने भिंतीवर लग्नाचा चौक काढतात. चौकात पालघट देवी असते. हा चौक काढायचा मान सवाशिणींचा, आणि लग्नाची गाणी म्हणून विधी चालवणारी धवलेरी, तीही बाईच. चौकाशिवाय लग्न पुरं होत नाही. म्हणजे आधी हे चित्र शोभेसाठी नव्हतं, विकण्यासाठी तर नव्हतंच. ते त्या घराचं, त्या देवीचं आणि त्या जागेचं होतं.

१९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्यासारखे कलावंत पाड्यांवर गेले आणि ही चित्रं भिंतीवरून कागदावर, कापडावर आली. शहरात ती विकली जाऊ लागली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी चौकापलीकडे जाऊन शेती, मासेमारी, तारपा नाच, मुंग्यांची रांग असं सगळं आयुष्य चितारलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्यामुळे वारली चित्र जगभर गेलं, हे त्यांचं मोठेपण आहेच.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चित्र भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं काम होतं. ते कागदावर आलं, त्याला भाव आला, प्रदर्शनासाठी परगावी जाण्याची वेळ आली, तेव्हा पुढे आलेली बहुतेक नावं पुरुषांची होती. कुणी कुणाचं हिसकावून घेतलं असं नाही. घर, लेकरं, शेत सोडून बाहेर कोण जाऊ शकतं, व्यापाऱ्याशी कोण बोलतं, सही कोण करतं, यावरून ते ठरत गेलं. आपल्या घरातही हे असंच ठरतं, नाही का?

पुढे वारली चित्रांची नक्कल सर्रास होऊ लागली. तेव्हा आदिवासी युवा सेवा संघ या संघटनेने पुढाकार घेतला आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आंब्यात जसा देवगडचा हापूस, तसं हे. मालाचं नाव त्या भागाशी आणि तिथल्या लोकांशी कायद्याने जोडलं जातं.

वाळवंटातल्या बायका आणि त्यांचं बाटिक

आता दुसरं उदाहरण. ऑस्ट्रेलिया देशाच्या मधोमध लाल मातीचं मोठं वाळवंट आहे. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून राहतात. त्यांची समजूत अशी की पूर्वजांनी या जमिनीवरून चालत चालत पाणवठे, टेकड्या, झाडं, जनावरं घडवली. त्यामुळे प्रत्येक जागेची एक गोष्ट आहे, एक गाणं आहे आणि एक नक्षी आहे. ती नक्षी वाळूवर काढतात, विधीच्या वेळी अंगावर काढतात.

ही चित्रं पहिल्यांदा पाहिली तर नुसते ठिपके आणि रेषा वाटतात. माणूस दिसत नाही, झाड दिसत नाही. पण ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला यात नवल वाटू नये. तिथे एकात एक काढलेली वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्कामाची जागा. घोड्याच्या नालासारखी खूण म्हणजे बसलेलं माणूस, कारण वाळूवर मांडी घालून बसून उठलं की तसाच ठसा उरतो. थोडक्यात, टेकडीवर चढून आपलं शिवार पाहावं तसा तो त्यांच्या मुलखाचा नकाशा असतो.

१९७१ मध्ये पापुन्या नावाच्या वस्तीत पुरुषांनी ही नक्षी रंगाने फळ्यांवर उतरवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची कंपनी काढली, आपल्या संघासारखी. पण काही खुणा पवित्र होत्या, परक्याने पाहायच्या नव्हत्या. त्या चित्रात नको, असं त्यांच्यातच ठरलं. काय विकायचं आणि काय नाही, हे व्यापाऱ्याने नाही, त्यांनी ठरवलं.

युटोपिया नावाच्या वस्तीत मात्र सुरुवात बायकांनी केली. १९७७ च्या सुमारास तिथे प्रौढशिक्षणाच्या वर्गात त्या बाटिक शिकल्या. बाटिक म्हणजे कापडावर मेणाने नक्षी काढून रंगवणं. १९७८ मध्ये त्यांचा बाटिक गट उभा राहिला. त्याच काळात त्यांच्या जमिनीचा दावा चालू होता. त्यांच्या हाती सातबारा नव्हता. बायकांनी आपली गाणी, नाच आणि अंगावरची नक्षी दाखवून सांगितलं की या जमिनीशी आमचं नातं हे असं आहे. जमीन त्यांना परत मिळाली. नक्षी तिथे पुरावा म्हणून उभी राहिली.

त्या गटात एमिली कामे कँग्वारी नावाची आजी होती. जन्म १९१० च्या आसपासचा. कामे म्हणजे वाळवंटातल्या एका कंदाचं बी. जमिनीला भेग पडली की खाली कंद तयार झाला, हे तिथल्या बाया ओळखतात. भुईमुगाच्या किंवा रताळ्याच्या वावरात आपण ओळखतो तसंच. एमिलीने कॅनव्हासवर पहिलं चित्र काढलं तेव्हा ती ८० च्या घरात होती. पुढच्या आठ वर्षांत तिने सुमारे ३,००० चित्रं काढली. कंदाच्या मुळ्या, बी, फुलं, पावसानंतरची हिरवळ, सगळं ठिपक्यांत आणि रेषांत. १९९६ मध्ये ती वारली. २००७ मध्ये तिचं एक चित्र लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त किमतीला गेलं.

ते पैसे कुणाला मिळाले? त्या वेळी चित्र ज्याच्या मालकीचं होतं, त्याला. चित्रकाराकडून स्वस्तात घेऊन पुढे महाग विकणारे दलाल तिथे बरेच होते. २००७ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीने या फसवणुकीवर अहवाल दिला. पुढे कायदा झाला आणि २०१० पासून चित्र पुन्हा विकलं गेलं की ठरावीक व्यवहारांत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना किमतीचे ५ टक्के द्यावे लागतात. त्याआधी १९९४ मध्ये, तिथल्या चित्रकारांची नक्षी न विचारता गालिच्यांवर विणून विकणाऱ्यांना न्यायालयाने भरपाई द्यायला लावली होती.

आपण काय शिकायचं?

आपल्याकडे मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. तिथे २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. तिथे येणारा माणूस बंजारा भरतकामही मागेल. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी बायकांच्या भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या आपल्याच गोतातल्या. मग आपल्या गटांनी आधी काय करायचं?

एक, नाव लिहा. प्रत्येक वस्तूला लहान चिठ्ठी लावा : करणारीचं नाव, गाव, गट. सोबत वहीत नोंद आणि मोबाइलवर फोटो, तारखेसह. नक्षीला तांड्यावर काय म्हणतात ते याडीला विचारून तेही लिहा. उद्या मानांकनासाठी अर्ज करायचा म्हटलं तर हीच वही कामी येईल.

दोन, वेळेचा हिशोब धरा. समजा एका पिशवीला कापड १२० रुपये, धागा ४०, आरसे आणि कवड्या ३०, शिलाई २० लागली. खर्च २१०. व्यापारी ४०० देतो म्हणून आपण खुश. उरले १९०. पण भरतकामाला १४ तास गेले असतील तर तासाला १४ रुपयेही पडले नाहीत. तासाला ४० रुपये धरले तर मजुरीच ५६० होते आणि पिशवीची किंमत ७७० च्या खाली परवडत नाही. गिऱ्हाईक तेवढं देत नसेल तर कमी भरतकामाची, कमी वेळाची वस्तू करा. पण स्वतःची मजुरी शून्य धरू नका.

तीन, पैसा करणारीच्या खात्यात. वस्तू विकायला कुणीही जावो, नवरा, मुलगा की व्यापारी, रक्कम गटाच्या नोंदीतून तिच्याच खात्यात जावी. सरस प्रदर्शनाला दरवेळी त्याच दोघी न जाता पाळीपाळीने जावं. बोलायची भीती बोलल्यानेच जाते.

चार, काय विकायचं नाही ते ठरवा. लग्नाची, देवाची, आईच्या आठवणीची म्हणून जी नक्षी आपल्याला बाजारात नको वाटते, ती ठेवून घ्यायचा हक्क आपला आहे. गटात चर्चा करा, ठराव लिहा.

सभेत चर्चेसाठी

१. चित्र भिंतीवरून कागदावर आल्यावर वारली बायका मागे का राहिल्या? आपल्या गावात असं कोणत्या कामात झालं?

२. युटोपियाच्या बायकांना नक्षीचा जमिनीच्या दाव्यात उपयोग झाला. आपल्या कोणत्या गाण्यात किंवा नक्षीत आपल्या गावाची, तांड्याची खूण आहे?

३. आपल्या गटात ६० वर्षांवरच्या किती जणींच्या हातात कला आहे? त्यांच्याकडून कोण शिकतंय?

पुढच्या सभेपर्यंत करायचं काम : प्रत्येकीने आपल्या हातची एक वस्तू आणावी. तिला लागलेला खर्च आणि तास लिहून आणावेत. लिहिता येत नसेल तर मुलीकडून किंवा सुनेकडून लिहून घ्यावेत. सचिवांनी सगळ्यांची मिळून एक यादी करून ग्रामसंघाच्या बैठकीत मांडावी.