उपग्रहाची दृष्टी आणि वनस्पतींचा अभ्यास

वनस्पतींच्या परिसरविज्ञानाचा अभ्यास परंपरेने पायी चालून होत आला आहे. अरण्याचा एक तुकडा निवडावा, त्यातील झाडे मोजावीत, त्यांच्या जाती ओळखाव्यात आणि त्यांवरून संपूर्ण अरण्याविषयी अनुमान बांधावे, ही त्याची रीत. दूरसंवेदनाने तिला नवी जोड दिली. वस्तूला स्पर्श न करता, तिच्याकडून येणाऱ्या किरणांवरून तिची माहिती मिळवणे म्हणजे दूरसंवेदन.

भारतात या विद्येचा एक आरंभीचा प्रयोग रोगट झाडांच्या शोधासाठी झाला, हे लक्षणीय आहे. १९७० साली केरळमध्ये प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने नारळाच्या बागांची छायाचित्रे हेलिकॉप्टरमधून अवरक्त-संवेदी फिल्मवर घेण्यात आली. निरोगी पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, तर पानाची आंतररचना निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत पाठवते. रोगाने हे प्रमाण बदलते. त्यामुळे रोगग्रस्त झाडे छायाचित्रात वेगळी उमटतात. उपग्रहांच्या साहाय्याने काढला जाणारा वनस्पती-निर्देशांक याच तत्त्वावर आधारलेला आहे. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेल्यानंतर अशी निरीक्षणे भारताला स्वतःच्या साधनाने करता येऊ लागली.

मात्र हिरवेपणा म्हणजे अरण्याचे आरोग्य नव्हे. किमान एक हेक्टर जमिनीवर पर्णछत्राची घनता १० टक्के वा अधिक असेल, तर भारतीय वन सर्वेक्षणाच्या गणनेत ती जमीन वनाच्छादित ठरते. मग तेथे सागाची लागवड असो, फळबाग असो वा नैसर्गिक अरण्य असो. घाणेरीसारखे परके झुडूप माजले, तरी चित्र हिरवेच दिसते. उलट, उन्हाळ्यात पिवळे पडणारे नैसर्गिक गवताळ रान ओसाड भासते आणि त्यावर झाडे लावण्याचा निर्णय घेतला जाऊ शकतो. अशा वेळी चित्राचा चुकीचा अर्थ ही केवळ शास्त्रीय चूक राहत नाही. तिचे परिणाम रानाला आणि त्यावर जगणाऱ्यांना भोगावे लागतात.

पदव्युत्तर संशोधनाची खरी संधी चित्र आणि झाड यांमधील या अंतरात आहे. तमिळनाडूतील मुदुमलै येथे भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरांचा कायमस्वरूपी अभ्यासपट्टा आखला. तेथे एक सेंटिमीटरपेक्षा जाड खोडाच्या प्रत्येक झाडाची नोंद ठेवली जाते. उपग्रहाच्या अनुमानाची पारख अशा नोंदींवरच होते. भारत व अमेरिका यांच्या संयुक्त प्रयत्नातून ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या ‘निसार’ उपग्रहाच्या रडारलहरी पावसाळी ढगांतूनही पार जातात. परंतु त्यांच्या प्रतिध्वनीवरून अरण्यातील जैवभार किती, हे ठरवण्यास जमिनीवरील मोजमापाचाच आधार लागतो.

या विषयाचे दार एकाच शाखेला उघडे आहे असे नाही. वनस्पतिशास्त्र, वनशास्त्र, भूगोल, भौतिकी वा कृषिशास्त्र यांतील पदवीधर त्यात प्रवेश करू शकतात. डेहराडून येथे १९६६ मध्ये हवाई छायाचित्रांच्या वाचनाचे शिक्षण देण्यासाठी स्थापन झालेली संस्था आज भारतीय सुदूर संवेदन संस्था या नावाने पदव्युत्तर शिक्षण देते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती पुढील संशोधनास आधार देते. गणकयंत्रावर चित्र वाचणारे पुष्कळ आहेत. रानात उभे राहून झाडांची जात सांगू शकणारेही आहेत. ज्याला ही दोन्ही कामे येतात, त्याची या क्षेत्राला अधिक गरज आहे.