लाल फळांच्या शिवारात

माघ महिन्यात आम्ही स्ट्रॉबेरीचं शिवार पाहायला गेलो. आमच्या राणीसावरगावच्या एका तरुण शेतकऱ्याच्या मनात हे पीक भरलं होतं. अर्धा एकर लावायची, त्यासाठी कर्ज काढायचं, असा त्याचा बेत. आम्ही म्हणालो, "बाबा, आधी बघून येऊ. मग सही कर."

गंगाखेडला रेल्वे धरली, पुणे गाठलं. तिथून एसटीने वाई. वाईपुढे पसरणीचा घाट लागतो. घाट चढला की पाचगणी, आणि जवळच भिलार गाव. २०१७ साली सरकारने भिलारला 'पुस्तकांचं गाव' केलं. तिथल्या अनेक घरांत पुस्तकांची कपाटं आहेत. कोणीही जावं, बसून वाचावं. मंडळी, तुम्ही आता वाचू लागलात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सकाळीच शेतात गेलो. थंडी चांगलीच होती. माती लाल. उंच गादीवाफे, त्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. कागदाला भोकं पाडून प्रत्येक भोकात एक रोप लावलेलं. झाड जेमतेम वीतभर. कागदामुळे तण वाढत नाही, ओल टिकते आणि फळ मातीला टेकत नाही.

तोडणी चालू होती. बाया वाकून एकेक फळ देठासकट खुडत होत्या. आपण कापूस वेचतो तशी मूठ भरून इथे चालत नाही. फळ दाबलं की डाग पडतो, आणि डागी फळ लवकर सडतं.

आमच्या तरुणाने विचारलं, "मावशी, हे अर्धं पांढरं का सोडलं?"

"राहू दे बाळा, झाडावरच लाल होईल. आंब्यासारखी याची अढी घालता येत नाही. तोडलं की पिकणं थांबलं."

मालकांनी आम्हाला फळं खायला दिली. आंबटगोड लागली. आपल्या बोरांची सर काही त्यांना आली नाही. पण ते आमचं वय बोलत असेल.

मग मालकांनी पिकाची हकीकत सांगितली. आईरोपं परदेशातून येतात. पावसाळ्यात त्यांना वेलासारखे धुमारे फुटतात आणि त्यांवर बाळरोपं धरतात. महाबळेश्वरला वर्षाचा पाऊस ५००० मिलिमीटरहून जास्त, आपल्या पाचपट तरी. म्हणून रोपं खाली वाईच्या बाजूला तयार करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावण होते. डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत फळ चालतं. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसरीकडच्या फळाला ते नाव लावून विकता येत नाही.

"आमच्याकडे होईल का?" तरुणाने विचारलं.

"जमीन कसली?"

"काळी."

"काळी पाणी धरून ठेवते. मुळं कुजतील. वाफे चांगले उंच करा. आणि ऊन?"

"फेब्रुवारी सरता सरता चटके बसतात."

"मग तुमची तोडणी लवकर आटोपणार. बरं, सकाळी तोडलेलं फळ विकणार कुठे? आमच्या दारात पर्यटक येतात. जॅम-सरबताचे कारखाने जवळ आहेत. पुण्या-मुंबईला माल जातो. तरी एखाद्या दिवशी भाव पडतोच."

तरुण गप्प झाला.

परतताना गाडीत त्याने वही काढली. रोपं, कागद, ठिबक, मजुरी, डब्या, गाडीभाडं असं एकाखाली एक लिहिलं. गाडीभाड्यापुढचा आकडा त्याने दोनदा खोडला. गंगाखेड येईपर्यंत वीस गुंठ्यांचे दोन गुंठे झाले होते. ते घरच्याच पैशांत बसत होते, आणि तेवढं फळ गंगाखेडच्या बाजारात खपेल असा त्याचा अंदाज होता. कर्जाचा अर्ज पिशवीत होता, तो तसाच कोरा राहिला.